दोरी कुठे तुटते

भौतिकशास्त्राच्या पुस्तकात पंधरा-सोळा धडे असतात. आमच्या सारांनी उभ्या आयुष्यात त्यांतला एकच शिकवला, आणि त्यातही चूक केली. ती चूक मी एकवेळ विसरले असते. चुका कोण करत नाही? पण चूक पदरात पडल्यावर माणूस कसा वागतो, त्यावरून त्याची किंमत ठरते. आमच्या सारांची किंमत मी सतरा वर्षांची असताना ठरवली, आणि ती कमी करायला पुढे कारणं मिळत गेली, वाढवायला एकही मिळालं नाही.

सार म्हणजे सर. तंजावुरात मराठी घरांतली मुलंसुद्धा तमिळ मुलांसारखं सारच म्हणतात. ते स्वतः मराठी होते. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर होतं. आपले पूर्वज राजांच्या दरबारात ज्योतिषी होते असं ते सांगत. दारावर पाटी होती. तिच्यावर त्यांचं नाव, एम.एस्सी., आणि खाली तांबड्या अक्षरांत लिहिलेलं : 'सर्क्युलर मोशन ओन्ली'. वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूंचा तेवढा एक धडा, बाकी काही नाही. दोरीला दगड बांधून गरगर फिरवला, तर दोरीवर ताण किती पडेल? एवढ्या एका प्रश्नावर हा माणूस तीन महिने शिकवणी घेत असे. उष्णता, प्रकाश, वीज या सगळ्यांना तो 'किरकोळ माल' म्हणत असे.

लोक पाठवत कशाला, असं पुण्यातल्या माझ्या मैत्रिणी विचारतात. त्यांना तेव्हाचं तंजावूर माहीत नाही. त्या दोन-चार वर्षांत देशाची दारं उघडली म्हणत होते, आणि आमच्या गावात त्याचा अर्थ इतकाच झाला होता की त्रिची रस्त्याला भातशेतांच्या मधोमध इंजिनिअरिंग कॉलेजांच्या पाट्या उगवू लागल्या होत्या. कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीची काचेची खोपटी होती आणि त्यांत उभं राहून कुणाची तरी आई अमेरिकेतल्या मुलाशी ओरडून बोलत असायची. आपलाही मुलगा, आणि हल्ली मुलगीसुद्धा, तिकडे जावी असं प्रत्येक घराला वाटू लागलं होतं. प्रवेश परीक्षेत अर्धा गुण कमी पडला तर हजार मुलं पुढे जातात, असं लोक एकमेकांना सांगत. सारांनी ही भीती बरोबर ओळखली. "दोरी सुटली की सीट सुटली," हे त्यांचं ब्रीदवाक्य होतं. पालकांपुढे ते हे वाक्य एका विशिष्ट सुरात म्हणत आणि मग गप्प बसत. त्या गप्प बसण्याला घाबरून माझ्या बाबांनी मला तिथे घातलं.

शिकवणी मागच्या अंगणात, झावळ्यांच्या मांडवाखाली चाले. आम्ही तीस जण चटयांवर बसायचो. चपला बाहेर गल्लीत काढाव्या लागत, कारण 'ही सरस्वतीची जागा आहे'. स्वतः सार मात्र वेष्टीखाली, म्हणजे तिकडच्या धोतराखाली, काळे, नाडीचे बूट घालून त्याच जागेत फिरत. जमिनीला गारवा असतो आणि गारव्यानं मेंदू मंदावतो, असं त्यांचं शास्त्र होतं. आमच्या मेंदूंची त्यांना काळजी नसावी.

त्यांना आमची नावं माहीत नव्हती. दर रविवारी ते चाचणी घेत, आणि पुढचा आठवडाभर जो तो आपल्या गुणांच्या नावानं ओळखला जाई. मी बहुतेक वेळा चौपन्न असायची. "चौपन्न, फळा पूस." "एकोणतीस, तू भिंतीकडे तोंड करून बस, तुझ्याकडे बघून मला झोप येते." एकोणतीस हा एका डॉक्टरांचा मुलगा होता. तीन महिन्यांत तो बोलायचाच बंद झाला. त्याच्या आईला वाटलं, मुलगा गंभीर झाला, अभ्यासाला लागला. तिनं सारांना आंब्यांची पेटी पाठवली.

त्यांनी स्वतः काढलेली एक चोपडी होती, सायक्लोस्टाइल केलेली, बोटांना शाई लागणारी. तिच्यात एकशे आठ प्रश्न आणि त्यांची उत्तरं होती. एकशे आठ का, तर जपमाळेत तेवढे मणी असतात म्हणून. ती पाठ करायची. सार खुर्चीत बसून नुसता आकडा उच्चारत आणि आम्ही एका आवाजात उत्तर देत असू. मधूनमधून सूत्रांचा गजर होई. "तळाला?" असं ते विचारत. "वजन अधिक!" आम्ही ओरडायचो. "माथ्याला?" "वजन उणे!" म्हणजे दगड वर्तुळाच्या तळाशी असताना दोरीला दगड वळवावा तर लागतोच, शिवाय त्याचं वजनही पेलावं लागतं, माथ्यावर तेच वजन दोरीला मदत करतं. हे मला आज कळतं. तेव्हा आम्हांला फक्त अधिक आणि उणे कळत होतं. आकृती काढायला सक्त मनाई होती. कुणी कागदावर वर्तुळ काढून त्यात बाण दाखवू लागला की सार म्हणत, "चित्रं काढणाऱ्यांनी कुंभकोणमला जाऊन देवळं रंगवावी."

कॉलेजातली नोकरी आपण तत्त्वासाठी सोडली, असं ते सांगत. ते तत्त्व काय होतं हे माझ्या मामांकडून कळलं. ते त्याच कॉलेजात कारकून होते. प्रिन्सिपॉलांनी सारांना प्रयोगशाळेत एक तास घ्यायला सांगितला होता. प्रयोग हे हमालीचं काम आहे, एम.एस्सी. झालेल्यानं स्टॅंड आणि लंबक उचलायचे का, असं म्हणून सारांनी राजीनामा दिला. इतकी वर्षं शिकवलं, पण कुठल्या उपकरणाला हात लावला नाही, हे ते अभिमानानं सांगत.

जर्मनीतल्या एका प्रोफेसरानं त्यांच्या चोपडीबद्दल त्यांना पत्र लिहिलं होतं, असाही बोलबाला होता. ते पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून भिंतीवर टांगलेलं असायचं, घडी केलेलंच. नवे पालक आले की सार त्याच्याकडे नुसता हात करत. एकदा मामींनी, म्हणजे सारांच्या बायकोनं, मला कोळिष्टकं काढायला हाक मारली. सार बाहेर गेले होते. मी पिशवीतलं पत्र उघडून वाचलं. आपल्या चौकशीबद्दल आभारी आहोत, यंत्रांची सूची वेगळ्या टपालानं पाठवत आहोत, एवढंच त्यात छापलेलं होतं. सहीसुद्धा छापील होती. मी घडी होती तशी घातली. मामी माझ्याकडे पाहत होत्या. त्यांनी मला कॉफी दिली आणि विषय काढला नाही. त्यांनी ते माझ्या आधीच केव्हातरी वाचलं असणार.

तुळजा या शिकवणीत जुलैच्या सुमाराला आली. ती रोज पापनाशमहून पॅसेंजरनं यायची. तिचं घराणंही मूळचं मराठी, पण आमच्या गल्लीतल्या लोकांच्या हिशेबात न बसणारं. तिचे वडील तिथे स्टेशनजवळ शिंपीकाम करायचे. 'सगळं' म्हणायच्या जागी ती 'अस्की' म्हणायची, तसं आमच्या आज्यासुद्धा म्हणत, पण तिच्या बोलण्यात तमिळ हेल जास्त होता. सारांनी पहिल्याच दिवशी तिची नक्कल केली. "अस्की गणितं येतात काय गं तुला?" असं त्यांनी तिच्याच हेलात विचारलं, आणि आम्ही हसलो. तिनं शांतपणे सांगितलं, "अस्की नाही, सार. बरीच येतात."

पहिल्या रविवारी ती अठ्ठ्याण्णव झाली. दुसऱ्या रविवारीही तेच. सारांना तिला हाक मारणंच अवघड झालं. "अठ्ठ्याण्णव, ऊठ," असं म्हणताना त्यांचं तोंड कडू व्हायचं. तिसऱ्या आठवड्यापासून ते तिला 'पापनाशम' म्हणू लागले. ती माझ्याशेजारी बसायची. तिच्या वहीच्या शेवटच्या पानांवर बारीक पेन्सिलीनं वर्तुळं काढलेली असत, प्रत्येकात खाली रोखलेला एक बाण आणि दोरीच्या दिशेनं दुसरा. एकदा तिनं मला ते समजावून सांगितलं. पाच मिनिटं लागली. सारांच्या दीड महिन्याच्या गजरातून जे कळलं नव्हतं ते मला त्या पाच मिनिटांत कळलं, आणि मी तिला सांगितलं की वही झाक, सार पाहतील.

चोपडीतला त्र्याहत्तरावा प्रश्न असा होता : अर्धा किलोचा दगड एक मीटर दोरीला बांधून एकसारख्या वेगानं उभ्या वर्तुळात फिरवला; दोरी चाळीस न्यूटनपर्यंत ताण सोसते; वेग वाढवत नेला तर दोरी किती वेगाला तुटेल, आणि कुठे? चोपडीतलं उत्तर होतं रूट नव्वद, माथ्यावर. आम्ही तीस जण ते रोज ओरडत होतो. त्या दिवशी ओरडून झाल्यावर तुळजा उभी राहिली.

ती म्हणाली, "सार, तळाला वजन अधिक असं तुम्हीच सांगता ना? मग जास्त ताण तळाला. रूट नव्वदचा वेग यायच्या आधीच दोरी खाली तुटून जाईल. रूट सत्तरला."

सारांनी खडू उचलला. फळ्याकडे गेले. वजन अधिक लिहिलं, वजन उणे लिहिलं, आणि तिथेच थांबले. पाठमोरे असूनही त्यांना कळलेलं मला दिसलं. त्यांचा हात लिहायचा थांबला तो कळल्यामुळेच. पंचवीस-तीस सेकंद गेली असतील. तेवढ्यात त्यांना माणूस व्हायची संधी होती. "बरोबर आहे, छापताना चूक झाली," एवढं म्हणायचं होतं. आम्ही त्यांना देव मानलं असतं.

ते वळले आणि म्हणाले, "वर गेलेलंच तुटतं. हा निसर्गाचा नियम आहे." मग तिला विचारलं, "तुझे वडील काय करतात?"

"कपडे शिवतात, सार."

"मग सुईदोऱ्यातलं तू मला सांग, भौतिकशास्त्रातलं मी तुला सांगतो."

आम्ही हसलो. तुळजा हसणं संपेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "ताण तोच असतो, सार."

त्यांनी तिला बाहेर जायला सांगितलं. वडिलांना घेऊन ये, माफी मागू देत, मगच आत पाऊल टाक, असं बजावलं. ती गल्लीत चपला घालताना मला दिसत होती. मी वहीत खाली मान घातली.

पुढच्या रविवारी ऐन चाचणीच्या वेळी तिचे वडील तिला घेऊन आले. किरकोळ अंगाचा माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात टेप राहून गेलेली. हातात ताट होतं. त्यात विड्याची पानं, केळी आणि स्वतः शिवलेली एक बंडी, सारांसाठी. माप कसं मिळवलं कोण जाणे. मांडवाच्या कडेला उभं राहून त्यांनी हात जोडले. पोर वेंधळी आहे, आईविना वाढली, तिला मोठ्यांशी बोलायची रीत कळत नाही, आपण पदरात घ्या, असं ते बरंच काही बोलले. सार चाचणीचे कागद चाळत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही. मग वडिलांनी तुळजाला पुढे केलं.

ती म्हणाली, "मी मध्येच बोलायला नको होतं, सार. माझं चुकलं." आणि थोडं थांबून, "पण उत्तर रूट सत्तरच आहे."

वडिलांचा चेहरा उतरला. त्यांनी तिच्या दंडाला धरलं आणि हलक्या आवाजात विचारलं की हे नेमकं काय प्रकरण आहे. तिनं त्यांच्या बोलीत दोन वाक्यांत सांगितलं. दोऱ्याला दगड बांधून फिरवायचा, दोरा वर तुटतो की खाली. त्यांना हायसं वाटलेलं दिसलं. काहीतरी भयंकर असेल अशी त्यांची समजूत असावी.

"एवढंच काय?" ते म्हणाले. "ते करून बघता येईल की, सार. तुम्ही म्हणता तसंच होईल. हिनं डोळ्यांनी बघितलं की हिच्या डोक्यातून जाईल."

मी हे मुद्दाम नोंदवते. तो माणूस सारांना खोटं पाडायला उभा राहिला नव्हता. सारच बरोबर आहेत, हे मुलीला दाखवून द्यायला तो उभा राहिला होता.

त्यांनी शर्टाच्या खिशातून काजं शिवायच्या दोऱ्याचं रीळ काढलं. तुळशीपाशी पडलेला मुठीत मावेल एवढा दगड घेतला, त्याला शिंप्याच्या सफाईनं चार फेरे देऊन गाठ मारली आणि हातभर दोरा सोडला. आमच्यातल्या पुढच्या ओळीला मागे सरकायला सांगितलं. मागच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तुळजा म्हणाली, वर तुटला तर दगड उलट मागे, आपल्या डोक्यांवरून निघून जाईल. खाली तुटला तर समोर भिंतीच्या पायाशी आपटेल. हे आम्हां सगळ्यांना पटलं. एकोणतीससुद्धा भिंतीकडचं तोंड वळवून बघू लागला.

त्या वेळी सारांनी आपली खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि आमच्याकडे पाठ करून बसले. घराच्या आतल्या अंधाराकडे तोंड करून त्यांनी मामींना हाक मारली, कॉफी आणायला सांगितली.

आजवर मी पुष्कळ अडाणी माणसं पाहिली. पण समोर पाच पावलांवर उत्तर चाललेलं असताना त्याच्याकडे पाठ करून बसणारा एम.एस्सी. मी तो एकच पाहिला.

दगड फिरू लागला. दोन फेरे झाले, तिसऱ्याला आणखी जोर लावला, आणि दोरा तुटला. दगड जमिनीलगत सरळ गेला आणि भिंतीच्या पायाशी आपटला. तुळजाच्या वडिलांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी दगड आणला, दोरा दुहेरी केला, पुन्हा फिरवला. पुन्हा भिंतीच्या पायाशी. तिसऱ्यांदा त्यांनी गाठ नीट तपासली, दोरा ओढून पाहिला, सावकाश वेग वाढवत नेला. दगड तिसऱ्यांदाही खालीच सुटला. भिंतीच्या चुन्यात हातभर जागेत तीन खड्डे पडले होते.

मामी कॉफीचा टंब्लर आणि ती ओतून गार करायची वाटी, डवरा, घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी तिन्ही वेळा पाहिलं होतं. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "खाली तुटला हो."

"तू आत जा," सार म्हणाले. मामी टंब्लर खाली ठेवून आत गेल्या. सारांनी कॉफी वरून खाली ओतून गार केली, एक घोट घेतला. "शिंप्याचा दोरा," ते म्हणाले. "कच्चा." आणि मग, तोंड न फिरवता, नेहमीच्या आवाजात : "प्रश्न त्र्याहत्तर. दोरी कुठे तुटते?"

"वर, सार," आम्ही म्हणालो.

आम्ही तीस जण एका आवाजात. त्यात माझाही होता, आणि तो काही हळू नव्हता. डोक्यावर प्रवेश परीक्षा होती. बाहेर काढलं तर दुसरी शिकवणी मिळणार नव्हती. शिवाय ते आकडा म्हणाले की उत्तर द्यायची सवयच अशी लागली होती की तोंड आपोआप उघडे. ही सगळी कारणं मी पुढे स्वतःला दिली. त्या क्षणी कारण वगैरे काही नव्हतं. त्यांनी विचारलं आणि आम्ही ओरडलो.

तुळजाचे वडील तुटलेला दोरा बोटाभोवती गुंडाळत होते. त्यांचा हात थांबला. त्यांनी सारांकडे पाहिलंच नाही. आमच्याकडे पाहिलं, एकेका चेहऱ्याकडे, पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत. मग ताट सारांच्या खुर्चीपाशी ठेवलं, वाकून नमस्कार केला आणि मुलीला घेऊन गेले.

ती पुन्हा आली नाही. सारांनी ती बंडी दिवाळीत घातली. अंगात चोख बसली होती.

प्रवेश परीक्षेत दोरीवर एकही प्रश्न आला नाही. वर्तुळाकार गतीवर एकच होता, वळणावर कलता केलेल्या रस्त्याचा, आणि तो आमच्या चोपडीत नव्हता. तिथे दोरी नसते म्हणून सारांनी तो घेतलाच नव्हता. आम्हां तिसांपैकी तिघांना सरकारी कॉलेज मिळालं. बाकीच्यांना बापांनी नव्या पाट्यांच्या कॉलेजांत घातलं. त्यांत मी होते. सारांनी त्या तिघांचे फोटो दारावर लावले.

लग्न होऊन मी पुण्याला आले. देवनागरी वाचायला इथेच शिकले. बरीच वर्षं सार माझ्या बोलण्यात फक्त विनोदाला येत : बूट, जर्मन पत्र, चौपन्न. त्र्याहत्तराव्या प्रश्नाबद्दल मी कुणाला सांगत नसे. मग आई आजारी म्हणून तंजावूरला गेले असताना बाजारातल्या पुस्तकांच्या दुकानात त्यांच्या चोपडीची नवी आवृत्ती दिसली. चकचकीत मुखपृष्ठ, आत आकृत्या, प्रत्येकात बाण. मी त्र्याहत्तरावा प्रश्न काढला. उत्तर होतं रूट सत्तर, तळाला. खाली चौकटीत इंग्रजीत टीप होती : पुष्कळ शिक्षक इथे दोरी माथ्यावर तुटते असं शिकवतात, ही घोडचूक प्रस्तुत लेखकानं प्रथम दाखवून दिली.

दुकानात उभ्या उभ्या मला हसू आलं आणि ते थांबेना. दुकानदारानं पाणी विचारलं. मी प्रत विकत घेतली. सारांच्या घरी जावं आणि त्यांच्या तोंडावर ती चौकट वाचून दाखवावी असं वाटलं, पण ते तेव्हा अंथरुणाला खिळले होते, आणि खरं सांगायचं तर तसे नसते तरी मी गेले नसते. त्याऐवजी मी पापनाशमची बस पकडली. तुळजाला हे दाखवावं, दोघींनी मिळून त्या माणसाला हसावं, एवढंच मनात होतं.

दुकान सापडायला वेळ लागला नाही. स्टेशनच्या रस्त्याला तेच एक जुनं शिंप्याचं दुकान होतं. तिचे वडील मशीनवर होते. केस पांढरे, जाड भिंगाचा चष्मा. मी कोण ते सांगितलं. त्यांनी स्टूल पुढे केलं. तुळजा कुंभकोणमला असते, पोस्टात आहे, दोन मुलं आहेत, सगळं बरं आहे, असं ते म्हणाले. मी विचारलं की तिनं पुढे इंजिनिअरिंग केलं नाही का, भौतिकशास्त्र तरी?

नाही, ते म्हणाले. त्या वर्षी तिला कॉमर्सला घातलं. तिनं चार दिवस जेवण सोडलं होतं, मग घेतलं.

"पण का?" मी म्हटलं. "सारांच्या बोलण्यावरून?"

त्यांनी मशीनचं चाक हातानं थांबवलं. "सारांचं मी मनावर घेतलं नाही, अम्मा. पाठ फिरवून बसला तेव्हाच कळलं, माणूस हट्टी आहे. पण तुम्ही अस्की पोरं शिकलेली. तुम्हांला माझ्या पोरीशी वैर नव्हतं. तीस जणं खोटं कशाला बोलतील? म्हटलं, माझाच दोरा कच्चा असेल. पोरीला विज्ञान झेपत नाही, उगीच हट्ट करू लागली आहे."

मी पुस्तक पिशवीतून काढलं होतं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. काय लिहिलंय, त्यांनी विचारलं.

"खाली तुटते असं लिहिलंय," मी म्हटलं. चौकट वाचली नाही.

त्यांनी पान जवळ घेतलं, आकृतीवरून, त्या खाली रोखलेल्या बाणावरून बोट फिरवलं. रस्त्यानं कुंभकोणमची बस गेली.

"मी बघितलं होतं," ते म्हणाले. "तीनदा."